उतारावरील ऊर्जाक्षम घर (कोकण व सह्याद्री)

उतारावरील ऊर्जाक्षम घर म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीवर, त्या जमिनीचा नैसर्गिक कल शक्यतो कायम ठेवून बांधलेले असे घर, की ज्याला गारवा, उजेड, पाणी आणि वायुवीजन यांसाठी बाहेरून कमीत कमी ऊर्जा पुरवावी लागते. अशा घराच्या बांधणीसाठी लागणारी ऊर्जाही या संकल्पनेत मोजली जाते. खोदकाम, भराव, साहित्याची वाहतूक, सिमेंट व पोलाद यांचे उत्पादन या सर्वांत ऊर्जा खर्च होते. हा खर्च घर राहते होण्यापूर्वीच झालेला असतो.

महाराष्ट्राच्या कोकण विभागात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी सपाट जमीन थोडी आहे. नदीखोऱ्यातील सपाट जमीन बहुधा भातशेतीखाली असते, तर घरे परंपरेने वरकस, म्हणजे उताराच्या व भातासाठी निरुपयोगी जमिनीवर बांधली जात. उतारावर घर बांधणे ही या प्रदेशातील नवी गोष्ट नाही. यंत्राच्या साहाय्याने उतार कापून सपाट जागा तयार करणे व तिच्यावर सपाट प्रदेशातील घराचा नकाशा उतरवणे, ही पद्धत मात्र अलीकडची आहे. प्रस्तुत लेखात कोकण व सह्याद्रीच्या उष्ण-दमट, अतिपावसाच्या प्रदेशातील उतारावरील घराच्या रचनेची तत्त्वे दिली आहेत.

भूभाग आणि हवामान

कोकण किनारपट्टीवर वर्षाला साधारणपणे २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वर, आंबोली यांसारख्या घाटमाथ्यावरील ठिकाणी तो ५,००० मिलिमीटरहून अधिक असतो. यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. हिवाळा सौम्य असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत उष्म्यापेक्षा दमटपणाचा त्रास अधिक होतो. म्हणून येथील घराचा प्रश्न ऊब साठवण्याचा नसून सावली, वारा आणि कोरडेपणा मिळवण्याचा आहे. लडाखसारख्या थंड व कोरड्या प्रदेशात दक्षिणेकडील उतारावर घर बांधून हिवाळ्यातील ऊन आत घेतले जाते. ते तत्त्व कोकणात जसेच्या तसे लागू पडत नाही.

दक्षिण कोकणातील अनेक डोंगरांच्या माथ्यावर जांभ्याचे सपाट पठार असते. त्याला स्थानिक भाषेत सडा म्हणतात. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून खाली मुरते आणि त्याखालच्या मऊ, चिकण थरापाशी अडते. तेथून ते उताराच्या दिशेने सरकते व पठाराच्या कडेखाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. ज्या उतारावर घर बांधावयाचे त्याच्या पोटातून पावसाळ्यात पाणी वाहत असण्याचा संभव असतो. वरून कोरडी व घट्ट दिसणारी जमीन जुलै महिन्यात कशी असते, हे पाहिल्यावाचून जागेची परीक्षा पुरी होत नाही.

जागेची पाहणी

आराखडा काढण्यापूर्वी समपातळी रेषांचा नकाशा तयार करणे आवश्यक असते. जमिनीवरील समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांना समपातळी रेषा म्हणतात. या रेषा जेथे एकमेकींजवळ येतात तेथे उतार तीव्र असतो, आणि जेथे दूर जातात तेथे सौम्य. उतार गुणोत्तराने सांगितला जातो. १:१० म्हणजे दहा मीटर आडव्या अंतरात एक मीटर उतरणारी जमीन, तर १:५ म्हणजे पाच मीटर अंतरात एक मीटर उतरणारी. १:५ उताराचा आडव्या पातळीशी होणारा कोन सुमारे ११ अंश असतो.

महाराष्ट्राच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार १:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर विकासास व उतार कापण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. शेतजमिनीवर घर बांधण्याचे नियम वेगळे असल्याने सातबारा उतारा, अकृषिक वापराची स्थिती आणि प्रादेशिक योजनेतील जमिनीचा विभाग या गोष्टी आधी तपासाव्या लागतात.

जागेवर पुढील खुणांकडे लक्ष दिले जाते :

• झाडांची खोडे बुंध्याशी वाकून पुन्हा सरळ वाढलेली असल्यास वरचा मातीचा थर हळूहळू सरकत असण्याची शक्यता असते.
• उताराला आडव्या गेलेल्या भेगा किंवा अर्धवर्तुळाकार खचलेली जमीन हे धोक्याचे चिन्ह होय.
• पावसाळ्यात नवे झरे फुटणे, किंवा नेहमीच्या झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे अथवा आटणे, हेही धोक्याचे लक्षण आहे.
• पऱ्ह्या किंवा व्हाळ, म्हणजे पावसाळी ओढा, उन्हाळ्यात कोरडा असला तरी त्याचा मार्ग बुजवून त्यावर बांधकाम करू नये.

जुन्या वहिवाटा, विहिरी आणि गडगे (दगड नुसते रचून केलेले कुंपण) हेही जागेविषयी माहिती देतात. ज्या बाजूला पूर्वीच्या पिढ्यांनी घरे बांधली नाहीत, त्या बाजूस पाणी किंवा जमीन सरकणे हे कारण असू शकते. याची चौकशी वाडीतील वृद्धांकडे करणे उपयुक्त ठरते.

उतार कापण्याचा हिशेब

उतारावर घर कसे बसवले जाते यावर खोदकामाचे प्रमाण अवलंबून असते. १:१० उताराच्या जमिनीवर उताराच्या दिशेने १० मीटर खोल आणि समपातळी रेषेस समांतर १२ मीटर लांब असे घर बांधावयाचे आहे, असे समजू. घराच्या वरच्या व खालच्या कडेत एक मीटरचा फरक पडतो.

• संपूर्ण जागा खालच्या कडेच्या पातळीपर्यंत कापल्यास सुमारे ६० घनमीटर माती काढावी लागते.
• मधली पातळी धरून वरचा अर्धा भाग कापला व ती माती खालच्या अर्ध्या भागात भरली, तर खोदकाम १५ घनमीटर होते.
• घर प्रत्येकी पाच मीटर खोलीच्या दोन पायऱ्यांत विभागले व दोन पातळ्यांत अर्ध्या मीटरचा फरक ठेवला, तर खोदकाम केवळ साडेसात घनमीटर होते.

म्हणजे पहिल्या पद्धतीत तिसरीच्या आठपट माती हलवावी लागते. एक घनमीटर माती साधारणपणे दीड ते दोन टन भरते, हे लक्षात घेतल्यास इंधनाच्या खर्चाचा अंदाज येतो. जेसीबी यंत्राने हे काम एक-दोन दिवसांत उरकते व तत्काळ होणारा खर्चही मोठा वाटत नाही. मात्र कापलेली उभी बाजू धरून ठेवण्यासाठी भिंत बांधावी लागते आणि त्या भिंतीमागील पाण्याची व्यवस्था घर असेपर्यंत सांभाळावी लागते.

मातीचा दाब पेलणाऱ्या भिंतीवरील एकूण दाब तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट झाली की दाब चौपट होतो आणि भिंत उलथवू पाहणारा जोर आठपट होतो. म्हणून दोन मीटर उंचीच्या एका भिंतीपेक्षा, पुरेसे अंतर राखून बांधलेल्या एकेक मीटर उंचीच्या दोन भिंती अधिक सुरक्षित व कमी खर्चिक ठरतात. डोंगरातील शेतीत ताली घालण्याची जुनी रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

भरावाच्या मातीवर थेट पाया घेणे टाळले जाते. घराचा अर्धा भाग मूळ जमिनीवर आणि अर्धा भरावावर असेल तर दोन्ही भाग सारखे खचत नाहीत आणि भिंतींना तिरप्या भेगा पडतात. त्यामुळे पाया पायऱ्यापायऱ्यांनी उतरवून प्रत्येक ठिकाणी मूळ कठीण थरापर्यंत नेला जातो.

घरापर्यंत मोटार नेण्याचा रस्ता हा अनेकदा घरापेक्षाही अधिक कापणीचे कारण ठरतो. मोटार रस्त्यालगत ठेवून पुढे दगडी पायऱ्यांची पाखाडी केल्यास ही कापणी टळते.

दिशा आणि सूर्यमार्ग

ऊर्जाक्षम घराविषयीच्या बहुतेक मार्गदर्शनात घराच्या लांब बाजू दक्षिण व उत्तरेकडे ठेवाव्यात असे सांगितले जाते. याचे कारण सूर्याच्या मार्गात आहे. रत्नागिरीच्या आसपास, सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर, २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून साधारण ४९ ते ५० अंशांवर असतो. २१ मार्चला तो ७३ अंशांवर येतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा असला तर २१ मार्चच्या मध्यान्ही त्याखाली जवळजवळ दोन मीटर उंचीपर्यंत सावली पडते, आणि डिसेंबरमध्ये ती ७० सेंटिमीटरपर्यंतच राहून खालच्या भागात ऊन येते. पूर्व व पश्चिम बाजूंना मात्र सूर्य खाली असताना ऊन तिरपे आत शिरते. तेथे साध्या छज्जाचा उपयोग होत नाही.

कोकणात या नियमाचा जमिनीशी विरोध येतो. सह्याद्रीची रांग दक्षिणोत्तर असल्याने तिच्या पायथ्याचे अनेक उतार पश्चिमेकडे उतरतात आणि त्यांच्या समपातळी रेषा दक्षिणोत्तर धावतात. कमी कापणी हवी तर घराची लांब बाजू पश्चिमेला येते. सूर्यानुसार घर वळवले तर ते समपातळी रेषांना छेदते, आणि कापणी वाढते.

अशा वेळी प्रथम जमिनीचा व पाण्याचा विचार करणे आणि सूर्याचा उपाय रचनेतून काढणे श्रेयस्कर ठरते. पश्चिमेचे ऊन पडवी, पडदे व झाडे यांनी अडवता येते, आणि ती व्यवस्था पुढे सुधारताही येते. एकदा कापलेला डोंगर मात्र पूर्ववत करता येत नाही.

पश्चिमेचा उपाय म्हणून खोल पडवी फार परिणामकारक असते. पडवीची रुंदी २.४ मीटर आणि छपराच्या कडेची उंची २.१ मीटर असेल, तर सूर्य सुमारे ४१ अंशांच्या वर असेपर्यंत मागील भिंतीवर ऊन पडत नाही. एप्रिलच्या मध्यास ही स्थिती दुपारी साधारण चार वाजेपर्यंत टिकते. त्यानंतरचे ऊन चिकाच्या पडद्यांनी किंवा योग्य अंतरावरील झाडांनी अडवता येते. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारी झड हीच पडवी भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही. पूर्वी पावसाळ्यापुरते झावळ्यांचे झाप पडवीला बांधले जात, त्यामागे हाच हेतू होता. गोव्यातील जुन्या घरांच्या दर्शनी भागातील बाल्कांव हाही ऊन-पावसापासून राखलेल्या अशा बैठकीचाच एक प्रकार आहे.

पाण्याचा निचरा

उतारावरील घराच्या दीर्घायुष्याचे सर्वांत मोठे साधन म्हणजे वरून येणारे पाणी घरापर्यंत येऊ न देणे. घराच्या वरच्या बाजूस, पायापासून अंतर राखून, समपातळी रेषेला किंचित तिरपा चर खणला जातो. तो दगडांनी बांधून त्याचे पाणी दोन्ही बाजूंनी नैसर्गिक पऱ्ह्यात सोडले जाते. चराचा आकार अंदाजाने न ठरवता हिशेबाने ठरवावा लागतो. घराच्या वर ५०० चौरस मीटर उतार असेल आणि ताशी १०० मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असेल, तर सर्व पाणी वाहून आल्यास दर सेकंदाला सुमारे १४ लिटर पाणी चरात येते.

मातीचा दाब पेलणाऱ्या भिंतीच्या मागे खडी व दगडगोट्यांचा थर भरून भिंतीत ठिकठिकाणी पाणी निघण्याची छिद्रे ठेवली जातात. भिंतीमागे पाणी तुंबले तर मातीच्या दाबात पाण्याच्या दाबाची भर पडते. मजबूत दिसणाऱ्या भिंती भर पावसाळ्यात कोसळतात, त्याचे हे नेहमीचे कारण आहे. नुसत्या रचीव दगडांच्या बांधातून पाणी आपोआप झिरपत असल्याने कमी उंचीसाठी तो उत्तम समजला जातो.

सांडपाण्याचा शोषखड्डा घराच्या खालच्या बाजूस, विहिरीपासून दूर आणि कापलेल्या कडेपासून अंतर राखून घेतला जातो. घराच्या वर शोषखड्डा घेतल्यास वर्षभर उताराच्या पोटात पाणी सोडल्यासारखे होते.

भिंती आणि बांधकाम साहित्य

कोकणात जांभा हा सहज उपलब्ध होणारा दगड आहे. खाणीत तो तुलनेने मऊ असल्याने त्याचे चिरे कापता येतात आणि हवेच्या संपर्कात आल्यावर ते कठीण होतात. फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ मध्ये मलबारातील या दगडाचे वर्णन करताना वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला इंग्रजी नाव दिले. मातीची वीट भाजावी लागते, चिरा भाजावा लागत नाही. सिमेंटच्या भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्या मानाने जवळच्या चिरेखाणीतून आणलेल्या जांभ्याच्या भिंतीत साठलेली ऊर्जा अल्प असते. मात्र खाणीच्या जागी उरणारे खड्डे व सड्यावरील वनस्पतींचा नाश हा या साहित्याचाही पर्यावरणीय खर्च आहे. जुन्या घराचे चिरे पुन्हा वापरणे त्यामुळे अधिक योग्य ठरते.

जांभा पाणी शोषतो. जमिनीतील ओल भिंतीत चढू नये म्हणून जोते उंच घेऊन जोत्याच्या माथ्यावर ओलरोधक थर दिला जातो. उघड्या भिंतींचे पावसापासून रक्षण छपराच्या रुंद पाख्यांनी होते. भिंतीला गिलावा द्यावयाचा असल्यास चुन्याचा गिलावा बाष्प बाहेर जाऊ देतो व भिंत लवकर वाळते.

छपराची रचना

उष्ण प्रदेशातील एकमजली घरात सर्वाधिक उष्णता छपरातून येते, कारण दुपारचे ऊन त्यावरच थेट पडते. उघडा काँक्रीटचा सपाट स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' प्रसिद्ध केली. तिच्यानुसार छपरातून होणाऱ्या उष्णतेच्या वहनाचे मूल्य दर चौरस मीटरला, दर अंश तापमानफरकाला १.२ वॅटपेक्षा अधिक नसावे. साध्या १५ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे हे मूल्य या मर्यादेच्या अडीच ते तीन पट असते.

उतरते कौलारू छप्पर व त्याखाली हवा खेळणारा माळा ही कोकणातील जुनी योजना या दृष्टीने उपयुक्त आहे. कौलांखालची तापलेली हवा आढ्याजवळच्या झडपांतून निघून जाते आणि माळ्याची फळ्यांची तक्तपोशी खालच्या खोलीला उष्णतेपासून वाचवते. बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर यंत्राने घडवलेली मंगलोरी कौले प्रचारात आली. नळीच्या कौलांच्या छपराची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागे. ते श्रम मंगलोरी कौलांमुळे बरेच कमी झाले.

स्लॅब घालावयाचाच असल्यास त्यावर कौलांचे किंवा पत्र्याचे दुसरे छप्पर हवेची पोकळी ठेवून उभारता येते. नुसता पत्रा मात्र उन्हात लवकर तापतो आणि पावसात मोठा आवाज करतो.

वायुवीजन

दमट हवेत अंगावरून वाहणारा वारा हाच गारव्याचा मुख्य उपाय असतो. इको-निवास संहितेत उष्ण-दमट प्रदेशासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एकषष्ठांश, असावे असे सांगितले आहे.

उताराला स्वतःचा वारा असतो. दिवसा उतार तापल्यामुळे हवा वर चढते आणि रात्री थंड झालेली जड हवा उतारावरून खाली वाहते. किनाऱ्याजवळ दिवसाच्या खाऱ्या वाऱ्याची व रात्रीच्या मतलई वाऱ्याची त्यात भर पडते. घराच्या खालच्या व वरच्या, अशा दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या ठेवल्यास या दोन्ही वेळच्या वाऱ्यांचा लाभ होतो. दोन पातळ्यांच्या घरात खालच्या खोलीतील गरम हवा वरच्या खोलीच्या उंचावरील झरोक्यातून बाहेर जाते व तिच्या जागी खालून ताजी हवा येते. एका सपाट पातळीवरील घरात यासाठी मुद्दाम उंची निर्माण करावी लागते. उतारावर ती जमिनीकडूनच मिळते. वरच्या बाजूची खिडकी उभ्या कापलेल्या दरडीसमोर असेल, तर मात्र हवा व उजेड दोन्ही अडतात.

मातीला टेकलेल्या खोल्या

जमिनीखाली काही मीटर खोलीवर तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर, त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीइतके राहते. म्हणून डोंगरात अर्धवट रुतलेले घर उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार असते. ही कल्पना कोरड्या किंवा थंड प्रदेशात उत्तम चालते. कोकणात मात्र पावसाळ्याच्या दमट हवेतील बाष्प अशा थंड भिंतीवर जमा होते आणि बुरशी येते. बाहेरून झिरपणाऱ्या पाण्याचा धोका वेगळाच. यास्तव येथे निजण्या-बसण्याच्या खोल्या मातीला टेकवल्या जात नाहीत. घराची मागची भिंत व दरड यांच्यात माणूस जाऊ शकेल इतकी मोकळी जागा ठेवली जाते. त्यातून पाणी वाहून जाते, हवा खेळते आणि दरडीवर नजर ठेवता येते.

पाणी आणि वीज

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. १०० चौरस मीटर छपरावर वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस पडत असेल आणि त्यातील ८० टक्के पाणी पन्हळीतून मिळाले, तर ते २ लाख ४० हजार लिटर होते. हे सर्व साठवणे परवडणारे नसले तरी एप्रिल-मेच्या टंचाईपुरती टाकी उपयोगी पडते. टाकी भरल्यावर वाहणारे पाणी चरात नेऊन सोडावे लागते. ते उतारावर कोठेही सोडले जाऊ नये.

साठवणीची टाकी घराच्या वरच्या बाजूस, कठीण जमिनीवर ठेवल्यास पाणी उताराने घरात येते. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब सुमारे एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतका वाढतो. यातून होणारी विजेची बचत अल्प असते. मुख्य लाभ हा, की पावसाळ्यात वीज खंडित झाली तरी नळाला पाणी येते.

सौर विद्युतपट्ट दक्षिणेकडे तोंड करून अक्षांशाइतक्या, म्हणजे सुमारे १७ अंशांच्या, कलाने बसवल्यास वर्षभराचे उत्पादन चांगले मिळते. एक किलोवॅटच्या संचाला छपरावर साधारण १० चौरस मीटर जागा लागते व निरभ्र काळात त्यापासून दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. पावसाळ्यात हे प्रमाण बरेच घटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट व त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. डोंगराची किंवा झाडांची सावली कोणत्या वेळी कोठे पडते, हे पाहूनच पट्टांची जागा ठरवली जाते.

नैसर्गिक आपत्ती

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक लोकांचा बळी गेला, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी दरडीखाली सापडली. या तिन्ही घटना जुलै महिन्यात, अतिवृष्टीच्या काळात घडल्या. अशा मोठ्या दरडींपासून एका घराची रचना संरक्षण देऊ शकत नाही. त्यासाठी जागेची निवड हाच उपाय असतो. लहान दरडी मात्र पुष्कळदा घरासाठी केलेल्या कापणीतून, तोडलेल्या झाडांतून आणि वळवलेल्या पाण्यातून उद्भवतात व त्या टाळता येतात. वाळा, बांबू व खोल मुळांची स्थानिक झाडे वरचा मातीचा थर धरून ठेवण्यास मदत करतात.

११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या कोयनेच्या भूकंपाने या प्रदेशाची भूकंपप्रवणता दाखवून दिली. उतारावरील घराला खालच्या बाजूस उंच व वरच्या बाजूस आखूड खांब दिले, तर भूकंपाचा बहुतेक जोर आखूड व ताठ खांबांवर येतो आणि ते आधी मोडतात. त्यामुळे अशा घराची संरचना अभियंत्याकडून तपासून घेणे आवश्यक असते. चिऱ्याच्या भिंतींना जोते व खिडक्यांचा माथा या पातळ्यांवर सलग काँक्रीटचे पट्टे दिले जातात.

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात असंख्य घरांची छपरे उडाली. छपराचे वासे भिंतीला पोलादी पट्ट्यांनी बांधणे आणि कडेची कौले पक्की करणे ही त्यानंतर आवश्यक खबरदारी मानली जाते.

उल्लेखनीय उदाहरण

लॉरी बेकर (१९१७–२००७) या वास्तुरचनाकाराने केरळात केलेले काम या विषयात नेहमी उद्धृत केले जाते. तिरुवनंतपुरमच्या उल्लूर भागातील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेचा परिसर त्याने टेकडीच्या उतारावर रचला. तेथील इमारती समपातळी रेषांनुसार वळत जातात, झाडे शक्यतो राखली आहेत आणि विटांच्या जाळीच्या भिंतींतून हवा व मंद उजेड आत येतो. पश्चिम किनाऱ्याचे हवामान बऱ्याच अंशी सारखे असल्याने हे उदाहरण कोकणासही मार्गदर्शक ठरते.

मर्यादा

दोन पातळ्यांचे घर वृद्ध व अपंग व्यक्तींना गैरसोयीचे ठरू शकते. अर्ध्या मीटरचा फरक १:१२ च्या सौम्य उतरणीने जोडावयाचा झाल्यास तिला सहा मीटर लांबी लागते. म्हणून निजण्याची एक खोली, न्हाणीघर व स्वयंपाकघर एकाच पातळीवर ठेवण्याचा प्रघात चांगला आहे. कौलारू छपराची देखभाल करणारे आणि चिऱ्याचे काम जाणणारे गवंडी व सुतार पूर्वीइतके सहज मिळत नाहीत. पायऱ्यांचा पाया व निचऱ्याची कामे यांमुळे आरंभीचा खर्च काही प्रमाणात वाढू शकतो. कापणी, उंच भिंत व तिची दुरुस्ती टळल्याने यातील काही भाग भरून निघतो.

हेही पाहा

जांभा
कोकण
लॉरी बेकर
पर्जन्यजलसंधारण
भूस्खलन
सौर ऊर्जा